हुडाला कात्री लावण्याआधी

डोक्यातून शरीराची निम्मी उष्णता निघून जाते, ही समजूत थंडीच्या दिवसांत शहापूर तालुक्यातल्या किन्हवलीतही ऐकायला मिळते आणि घरातल्या पोरांच्या डोक्यावर कानटोपी चढते. कानटोपी घालावीच, तान्ह्या बाळाला तर नक्कीच, कारण त्याचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं. आकडा मात्र खोटा आहे. मोठ्या माणसाच्या एकूण त्वचेत डोक्याचा वाटा जेमतेम दहावा भाग, आणि उष्णताही साधारण त्याच मापाने जाते. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये व्रीमन आणि कॅरोल या डॉक्टरांनी २००८ साली या समजुतीचा समाचार घेतला. बाकी अंग गुंडाळलेलं आणि डोकंच उघडं राहिलं, तर उष्णता तिथूनच जाणार. एवढंच त्यातलं खरं.

पाणबुड्याची गत नेमकी तशीच असते. अंगात वेटसूट, डोकं उघडं, आणि भोवतीचं पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता ओढून नेणारं. म्हणून निओप्रीन या रबराची डोकं-मान झाकणारी टोपी, म्हणजे हुड. शहापूर-मुरबाडकडून मालवण-तारकर्लीला जाऊन एकदा स्कूबा करून येणाऱ्यांना तो लागत नाही. तिथलं पाणी २८ अंशांच्या आसपास असतं आणि डुबकी थोडक्यात आटोपते. पण पुढे रीतसर शिकून कोणी थंड समुद्रात उतरला किंवा पाण्याखालच्या कामाला लागला, की हुड आलाच. 

दुसरा गैरसमज असा, की हुड पाणी आत येऊ देत नाही. येऊ देतो, आणि येऊ द्यायलाही हवं. ऊब त्या पाण्याने मिळत नाही. ती मिळते निओप्रीनमधल्या वायूच्या लाखो बंद बुडबुड्यांमुळे. हे कृत्रिम रबर अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीत १९३० साली तयार झालं. त्याच्या फोमचा सूट करण्याची कल्पना ह्यू ब्रॅडनर या भौतिकशास्त्रज्ञाने १९५२च्या सुमारास मांडली, तीही हेच ओळखून: अंग ओलं राहिलं तरी चालेल, ऊब बुडबुडे राखतील. आत शिरलेलं पाणी जागच्या जागी राहिलं की झालं, ते सतत बदलता कामा नये. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, बुडबुडे दबून लहान होतात आणि सात मिलिमीटरचा हुड तेवढा जाड राहत नाही. वर जेवढा उबदार वाटला तेवढा तो खाली वाटत नाही, याचं कारण हे.

आता हुडाला कात्री लावावीशी वाटते ते मूळ दुखणं: मास्कमध्ये पाणी शिरणं. पुष्कळजण पट्टा आणखी आवळतात. त्याने मास्कची सिलिकॉनची कड वेडीवाकडी होते आणि गळती उलट वाढते. ती कड बसायला सलग, उघडी कातडी लागते. मधे केस आला, दाढीचे खुंट आले किंवा हुडाचा काठ आला, की पाण्याला वाट मिळाली. कपाळावर आणि गालाच्या हाडाजवळ हा काठ हटकून आत घुसतो. तेव्हा आधी मास्क लावून हुडाचा काठ त्याच्या कडेवरून बाहेरच्या बाजूने ओढून बघावा. बऱ्याचदा एवढ्यानेच भागतं आणि कात्री खोक्यात राहते.

नाहीच भागलं तर हुडाचा काठ कापायला हरकत नाही. निओप्रीन कापलं की उसवत जातं, ही भीती निराधार आहे. कापडासारखे त्याचे धागे सुटत नाहीत. दोन्ही बाजूंना चिकटवलेलं नायलॉनचं अस्तरही फोमला धरून राहतं. उसवते ती शिवण. कापताना जिथे शिवण छेदली जाईल तिथे दोऱ्याच्या टोकावर गोंदाचा थेंब द्यावा.

खरी चूक मापात होते. हुड आणि मास्क दोन्ही चढवून, आरशासमोर किंवा दुसऱ्याकडून, शिंप्याच्या खडूने मास्कच्या कडेची रेघ हुडावर मारून घ्यावी. त्या रेघेवर लगेच कात्री चालवू नये. डोक्यावर हुड ताणलेला असतो, आणि काठाची शिवलेली पट्टी गेली की तो आणखी मागे सरकतो. तीन मिलिमीटर कापले तर चेहऱ्याचं भोक त्याहून जास्त मोठं होतं. म्हणून रेघेच्या बऱ्याच आत, चेहऱ्याच्या बाजूला, दोनतीन मिलिमीटरची पट्टी काढायची, घालून बघायचं, मग पुढची. कात्री लांब पात्याची आणि धारदार हवी, काप एका दमात वळणदार. काठावर राहिलेली बारीक खाचही पुढे ताण पडला की फाटत जाते. हात बसावा म्हणून गुडघ्याचा जुना निओप्रीनचा पट्टा आधी कापून बघा. मेडिकलच्या दुकानात मिळतो तोच.

हुड जितका घट्ट तितका चांगला, हा समज मात्र धोक्याचा आहे. गळ्याशी करकचून बसलेला हुड मानेच्या धमनीवर दाब देतो, नाडी मंदावते आणि चक्कर येऊ शकते. कानावर हवाबंद बसला तर खाली जाताना कानाच्या नळीत अडकलेल्या हवेमुळे पडदा बाहेरच्या बाजूला ओढला जातो. पाण्यात उतरल्यावर कानाजवळ हुड क्षणभर उचलून पाणी आत घ्यावं.

जास्त कापलं गेलंच, तर तीच पट्टी परत जोडता येते. सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन इथे कामाचं नाही. चपला-बूट दुरुस्त करणाऱ्याकडचं पिवळं सोल्यूशन बहुधा निओप्रीनच्याच जातीच्या रबराचं असतं. डायव्हिंगच्या दुकानातला खास गोंद मिळाला तर तो अधिक बरा. दोन्ही काठांना पातळ थर द्या, सुकू द्या, पुन्हा एक थर द्या, आणि बोटाला चिकटेनासं झाल्यावरच काठाला काठ नीट जुळवून दाबा. एकदा टेकलं की सरकवता येत नाही.