ॲकरमान सुकाणू रचना
मोटारगाडीची पुढील दोन चाके वळणावर निरनिराळ्या कोनांतून वळविणारी यंत्रणा. वळताना आतील चाक लहान, तर बाहेरील चाक मोठ्या वर्तुळावर चालते. दोन्ही समांतर राहिली, तर ती रस्त्यावर घासून टायर झिजतात. म्हणून सुकाणू भुजा मागील आसाच्या मध्याकडे कलत्या बसवितात. त्यामुळे आतील चाक अधिक वळते. दोन आसांतील अंतर २·४ मी. व किंगपिनांतील अंतर १·२ मी. असल्यास आतील चाक ३०° वळताना बाहेरील सु. २४° वळावे लागते. तेव्हाच सर्व चाकांच्या आसरेषा एका बिंदूत मिळतात. म्यूनिकच्या गेओर्ख लांकेनश्पेर्गर यांच्या या रचनेचे एकस्व रूडोल्फ ॲकरमान यांनी १८१८ मध्ये इंग्लंडमध्ये घेतले. वेगाने वळताना टायर किंचित बाजूस सरकत असल्याने शर्यतीच्या गाड्यांत ही रचना तंतोतंत पाळतातच असे नाही.