दोन तारांचा हुकूम

सोलरवर चालणाऱ्या आडरानातल्या घराचा कस श्रावणात लागतो. चार दिवस ऊन पडलं नाही की ४८ व्होल्टची बॅटरी बँक खाली जाते आणि जनरेटरला सेल्फ मारायला कुणाला तरी अपरात्री उठावं लागतं. ही पायपीट वाचवतो तो ऑटो-स्टार्ट. सोसायटीतला एएमएफ पॅनल त्याचा भाऊबंद; तो लाइट गेल्याची वाट पाहतो, हा बॅटरीवर नजर ठेवतो.

ऑटो-स्टार्टचा हुकूम सुटतो इन्व्हर्टरमधल्या रिलेतून. हा रिले जनरेटरला वीज देत नाही. दोन तारा टेकवतो, इतकंच. टेकल्या की चालू, सुटल्या की बंद. सेल्फ किती सेकंद फिरवायचा, इंजिन उठलं नाही तर किती दम घेऊन पुन्हा फिरवायचा, ऑइल प्रेशर आलं का, हे सगळं जनरेटरच्या कंट्रोलरचं काम. तरीही काही वायरमन रिलेवरून थेट सेल्फकडे तार नेतात. डिझेल इंजिनाचा सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो, रिलेचा काँटॅक्ट जेमतेम चार-पाच अँपिअरचा. मधे सोलेनॉइड घातला तरी दुखणं उरतंच: इंजिन लागल्यावर सेल्फ सोडवायचा कुणी? तो फिरत राहतो आणि जळतो. कंट्रोलर नसेल तर आधी तो बसवा. पेट्रोलच्या मशिनला चोकही आपोआप लागायला हवा.

ह्या दोन तारांवर बँकेचा एक व्होल्टही जाता कामा नये. जनरेटरच्या सेल्फची बॅटरी बहुधा १२ व्होल्टची असते. ४८ व्होल्ट तिथे शिरले की कंट्रोलर गेलाच.

जनरेटरची वीज इन्व्हर्टरच्या एसी इनपुटलाच द्यायची. आउटपुटला जोडली तर इन्व्हर्टर जळू शकतो. महावितरणची लाइनही असेल तर इंटरलॉक असलेला चेंजओव्हर हवाच, नाहीतर वीज उलटी खांबावर जाते आणि तिथे लाइनमन असतो. न्यूट्रल आणि अर्थिंगचा जोड एका वेळी एकाच ठिकाणी हवा. बरेच इन्व्हर्टर जनरेटर आला की आपला जोड सोडतात. मग तो जनरेटरकडे असायला लागतो. हे मॅन्युअलमध्ये पाहावं, अंदाजानं करू नये.

सेटिंगमध्ये घाई नको. पंप सुरू होताना व्होल्टेज क्षणभर दबतं, म्हणून ते सलग काही मिनिटं खाली राहिलं तरच हुकूम सुटावा. थांबवायचं कधी, यावर माझं मत ठाम आहे: रोज शंभर टक्क्यांपर्यंत डिझेल जाळू नये. लेड-अ‍ॅसिड बॅटरी शेवटी शेवटी फार थोडा करंट घेते, इंजिन रिकामंच घरघरतं आणि काजळी धरतं. ऐंशी-पंच्याऐंशीवर थांबवावं, उरलेलं काम उन्हाचं. अधूनमधून पूर्ण चार्ज मात्र चुकवू नये.

सगळ्यात मोठा धोका तारांत नाही, माणसाच्या सवयीत आहे. बंद इंजिन कधीही स्वतःहून उठू शकतं, हे मेकॅनिकला माहीत नसतं. म्हणून इंजिनापाशीच ऑटो-बंद-मॅन्युअल असा स्विच हवा आणि मराठीत मोठी पाटी हवी. बेल्टला हात लावण्याआधी स्विच बंद करून सेल्फच्या बॅटरीची निगेटिव्ह तारही काढावी. धुराडं झोपायच्या खोलीच्या खिडकीपासून लांब न्यावं, कारण हे यंत्र घर झोपलेलं असतानाच जास्त चालतं.