कोरडी नदी, भरलेले कालवे

विमान फिनिक्सला उतरू लागलं तेव्हा खिडकीतून आधी नदी दिसली. नदी म्हणजे नुसतं पात्र. दगडगोटे, वाळू आणि मधेच वाढलेली झुडपं. पुढे कालवा दिसला, तो मात्र भरलेला. माझं बालपण साताऱ्याच्या माण तालुक्यात गेलं, त्यामुळे कोरड्या नदीचं मला नवल नाही. पण नदी कोरडी आणि कालवा भरलेला असं दिसलं, की आमच्याकडच्या माणसाच्या मनात एकच प्रश्न येतो : हे पाणी कुणाचं?

फिनिक्स ही अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याची राजधानी. सोनोरा वाळवंटात वसलेलं शहर. वर्षाला पाऊस जेमतेम 18 ते 20 सेंटिमीटर. माणमध्ये याच्या दुपटीहून अधिक पडतो आणि तरी आम्ही दुष्काळी! उन्हाळ्यात तर तिकडे फिरकूच नये. 2023 साली सलग 31 दिवस पारा रोज 43 अंशांपर्यंत किंवा त्याच्याही वर जात होता. मी गेलो मार्चमध्ये. भाचा तिथं नोकरीला आहे. त्यानं तीन दिवसांचा बेत आखून ठेवला होता. "मामा, एक दिवस मॅच, एक दिवस म्युझियम आणि एक दिवस नुसतं खाणं."

मॅच बेसबॉलची. दरवर्षी फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून मार्चअखेरपर्यंत अमेरिकेतले 15 मोठे व्यावसायिक संघ सरावासाठी या भागात मुक्काम ठोकतात. 1947 साली दोन संघांपासून हे सुरू झालं. याला 'कॅक्टस लीग' म्हणतात. या सामन्यांचे गुण मुख्य हंगामात धरले जात नाहीत, त्यामुळे सगळा मामला निवांत. मैदानाच्या कडेच्या हिरवळीवर लोक चादर पसरून बसतात. मुलं कठड्याशी उभी राहून खेळाडूंच्या सह्या घेतात. तीन गडी बाद झाले की डाव संपला आणि असे प्रत्येकी नऊ डाव, एवढं कळलं की क्रिकेटवाल्या माणसाला पुढचं आपोआप उमगतं.

आम्ही गेलो ते मैदान 'सॉल्ट रिव्हर फील्ड्स'. 2011 साली सुरू झालेलं हे मैदान फिनिक्स महापालिकेच्या हद्दीत येत नाही. ते आहे पिमा आणि मारिकोपा या मूळ रहिवासी जमातींच्या राखीव प्रदेशात, त्यांच्या जमिनीवर. पिमा हे बाहेरच्यांनी दिलेलं नाव. ते स्वतःला 'अकिमेल ओओधाम' म्हणवतात, म्हणजे नदीची माणसं. आणि नदी तर कोरडी!

दुसऱ्या दिवशी त्याचा उलगडा झाला. विमानतळाजवळच एक पुरातत्त्व संग्रहालय आहे. आधी त्याचं नाव 'प्वेब्लो ग्रांडे' होतं, 2023 साली ते बदलून ओओधाम भाषेतलं 'सेदाव वाआकी' असं ठेवलं. तिथं मातीचा एक प्रचंड चौथरा आहे आणि शेजारी जुन्या कालव्यांच्या खुणा. ओओधाम लोकांच्या पूर्वजांनी, ज्यांना पुरातत्त्वज्ञ होहोकाम म्हणतात, इथं हजारएक वर्षं शेती केली. लोखंडी अवजार नाही, ओझ्याचं जनावर नाही. लाकडी दांड्यांनी आणि दगडांनी उकरून त्यांनी शेकडो मैलांचे कालवे काढले. धुळ्याकडची फड पद्धत ज्यांनी पाहिली असेल, त्यांना उताराचा हा अंदाज किती अवघड असतो ते ठाऊक आहे. पंधराव्या शतकाच्या सुमारास ही मोठी वस्ती उठली. 1867 साली जॅक स्विलिंग नावाच्या गोऱ्या माणसानं कोरडे कालवे पाहिले आणि तेच उकरून पाणी सोडण्यासाठी कंपनी काढली. जुन्या संस्कृतीच्या राखेतून नवं गाव उठतंय, म्हणून गावाला त्या दंतकथेतल्या पक्ष्याचं नाव मिळालं : फिनिक्स. पुढे 1911 साली सॉल्ट नदीवर रूझवेल्ट धरण पूर्ण झालं. नदीचं पाणी कालव्यात आलं आणि पात्र कोरडं पडलं.

दुपारी हर्ड संग्रहालय पाहिलं. 1929 साली स्थापन झालेलं हे संग्रहालय मूळ रहिवाशांच्या कलेसाठी प्रसिद्ध आहे. पण मी थबकलो तो सरकारी निवासी शाळांच्या दालनात. मुलांना घरापासून तोडून आणायचं, केस कापायचे, मातृभाषा बोलू द्यायची नाही, असा तो कारभार. फिनिक्समधली अशी शाळा 1891 साली सुरू झाली आणि बंद झाली 1990 साली. म्हणजे अगदी कालपरवा.

तिसरा दिवस खाण्याचा. 'फ्राय ब्रेड हाउस' नावाचं साधंसं उपाहारगृह आहे. 2012 साली त्याला जेम्स बिअर्ड हा खाद्यक्षेत्रातला मानाचा पुरस्कार मिळाला. फ्राय ब्रेड म्हणजे ताटाएवढी तळलेली मैद्याची पुरी, वर घेवड्याचे दाणे आणि मिरचीचं मांस. चव झकास. पण ही पुरी आली कुठून? 1864 साली नावाहो लोकांना सैन्यानं त्यांच्या मुलखातून हुसकावून छावणीत डांबलं आणि शिधा म्हणून मैदा व चरबी दिली. त्यातून ती जन्मली असं मानतात. ओओधामांची कथा याच वाटेची. पूर्वी ते वाटसरूंना आणि सैन्याला गहू विकत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वरच्या अंगाला आलेल्या वसाहतवाल्यांनी हीला नदीचं पाणी वळवलं, शेतं वाळली, उपासमार झाली आणि हातात सरकारी शिधा आला.

घास घेताना मला 1972 आठवलं. दुष्काळी कामावरची सुकडी आणि रेशनवरचा लाल मिलो. तोही अमेरिकेतून आलेला! आमचा दुष्काळ सरला, मिलो गेला. त्यांचा शिधा ताटातच राहिला. त्याचा परिणाम? 2006 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ॲरिझोनातल्या पिमांमध्ये मधुमेहाचं प्रमाण 38 टक्के आणि मेक्सिकोच्या डोंगरात कष्टाची शेती करणाऱ्या त्यांच्याच भाऊबंदांमध्ये 7 टक्क्यांहून कमी. रक्त तेच. फरक ताटाचा आणि कष्टाचा.

गोष्ट इथं संपत नाही, हे महत्त्वाचं. 2004 साली अमेरिकेच्या संसदेनं कायदा करून हीला नदीकाठच्या या लोकांचा पाण्यावरचा हक्क मान्य केला. वर्षाला साधारण 28 टीएमसी. पुण्याच्या खडकवासला साखळीतल्या चारही धरणांची साठवण जवळपास एवढीच आहे. आता तिथं 'टेपरी' हे त्यांचं जुनं कडधान्य पुन्हा पिकतं. एकदोन पावसांवर येणारं, आपल्या मटकीच्या चिवट स्वभावाचं. त्याची उसळ खाल्ली आणि मला घरचीच आठवण झाली.

तुमचंही कुणी तिकडे असेल आणि जाणं झालंच, तर एक सुचवतो. आमचा क्रम बदला. आधी तो मातीचा चौथरा पाहा, मग टेपरीची उसळ खा आणि शेवटी मॅचला जा. हिरवळीवर चादर पसरताना त्या गवताला पाणी कुणाच्या कालव्याचं, हे तुम्हाला विचारावं लागणार नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)