कर्ता कोण ?

शाळेंत व्याकरण शिकवितांना एक गोष्ट आमच्या वारंवार अनुभवास येत असे. खिडकीची काच फुटली म्हणजे ‘मीं काच फोडली’ असें वर्गांतील एकही मुलगा म्हणत नसे. सर्वांचें उत्तर एकच : ‘गुरुजी, काच फुटली.’ क्रिया घडली आहे, कर्म तुकड्यांच्या रूपानें समोर पडलें आहे. कर्ता तेवढा बेपत्ता!

हल्लीं आपोआप चालणाऱ्या मोटारी, ड्रोन नांवाचीं उडतीं यंत्रें आणि यंत्रमानव यांच्याविषयीं जें लिहिलें जातें, तें वाचतांना आम्हांस त्या काचेची आठवण होते. ‘यंत्रानें ठरविलें’, ‘गाडीनें निर्णय घेतला’ अशीं वाक्यें आतां सर्रास छापून येतात.

ह्या यंत्रांविषयीं आमच्या मनांत आकस नाहीं. आफ्रिकेंतील रवांडा हा डोंगराळ देश. तेथें २०१६ सालापासून झिपलाइन कंपनीचीं बिनवैमानिकाचीं छोटीं विमानें दूरच्या रुग्णालयांना रक्ताच्या पिशव्या पोंचवितात. हवाई छत्रीच्या आधारानें पेटी खालीं सोडावयाची व परत फिरावयाचें. रक्तस्राव होणाऱ्या बाळंतिणीस त्या पेटीची किंमत काय, हें आमच्या वाचकभगिनींस सांगावयास नको. केरळांत २०१८ सालीं ‘बँडिकूट’ नांवाचें यंत्र मनुष्याच्या ऐवजीं भुयारी गटारांत उतरूं लागलें. जेथें विषारी वायूनें कामगार गुदमरून मरतात, तेथें यंत्र धाडण्यास विरोध करणें हा शुद्ध करंटेपणा होय.

परंतु अमेरिकेंत ॲरिझोना राज्यांतील टेंपी ह्या गांवीं १८ मार्च २०१८ रोजीं घडलेली हकीकत वाचकांनीं लक्षपूर्वक वाचावी. रात्रीं दहाच्या सुमारास एक बाई हातानें सायकल ढकलीत रस्ता ओलांडीत होती. उबर कंपनीची एक मोटार चांचणीसाठीं त्याच रस्त्यानें येत होती. चालकाच्या जागीं देखरेख करणारी एक नोकर बाई होती. गाडी हांकीत होतें तें गणकयंत्र. तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानें पुढें चौकशी केली, तींत असें आढळलें कीं, यंत्राच्या रडारास ती पादचारी बाई धडकेपूर्वीं ५.६ सेकंद आधींच दिसली होती. पण ती काय वस्तु आहे हें त्यास ठरवितां येईना. कधीं ‘वाहन’, कधीं ‘इतर कांहीं’, कधीं ‘सायकल’ ! आणि नांव बदललें कीं ती आधीं कोठें होती, कोणीकडे चालली आहे, हा सारा हिशेब पुसून नव्यानें आरंभ. मनुष्य ठरलेली जागा सोडून मध्येंच रस्ता ओलांडतो, ही शक्यताच घडविणारांनीं त्याच्या पोटांत घातली नव्हती. (पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर ज्यानें एक तास काढला असेल, तो अशी चूक करता ना.) धडक अटळ आहे हें यंत्रास १.२ सेकंद आधीं उमगलें. पण विनाकारण ब्रेक लागूं नयेत म्हणून एक सेकंद थांबण्याची तरतूद त्यांत मुद्दाम करून ठेविली होती. मूळ व्होल्वो गाडींत संकटसमयीं आपोआप लागणाऱ्या ब्रेकांची सोय होती. तीही बंद ठेविलेली. देखरेखीस पूर्वीं दोन माणसें असत, त्यांतील एक २०१७ सालीं कमी केलें होतें. उरलेली एकटी नोकर त्या वेळीं आपल्या मोबाइलवर करमणुकीचा कार्यक्रम पाहत होती. रस्ता ओलांडणारी बाई प्राणास मुकली.

२०१९ सालीं सरकारी वकिलानें कंपनीवर फौजदारी जबाबदारी येत नाहीं असा अभिप्राय दिला. खटला झाला तो त्या नोकर बाईवर. २०२३ सालीं तिनें दुसऱ्याचा जीव धोक्यांत घातल्याचा गुन्हा कबूल केला, व कैदेऐवजीं तिला तीन वर्षें देखरेखीखालीं राहण्याची शिक्षा झाली.

पाणिनीनें कर्त्याचें लक्षण फार थोडक्यांत केलें आहे. क्रियेच्या बाबतींत जो स्वतंत्र, तो कर्ता. लगेच पुढच्या सूत्रांत तो सांगतो कीं, कर्त्यास प्रवृत्त करणारा जो प्रयोजक, तोही कर्ताच. त्यास ‘हेतु’ ही आणखी एक संज्ञा. ‘भांडें शिजवितें’ असा प्रयोगही वैयाकरण चालवून घेतात, कारण बोलणाराची तशी विवक्षा असूं शकते. पण भात करपला म्हणून भांड्यास जाब विचारणारी गृहिणी आम्हीं अद्याप पाहिली नाहीं. टेंपीच्या त्या रात्रीं एक सेकंदाचा विलंब ठरविणारे, ब्रेकांची सोय बंद ठेवणारे, दुसरें माणूस कमी करणारे हे सर्व प्रयोजक होते. त्या बाईचा दोष होताच. परंतु न्यायासनापुढें ती एकटी उभी राहिली, हें आमच्या मनास पटत नाहीं.

आज फीनिक्स, सॅन फ्रान्सिस्को इत्यादि शहरांत वेमो कंपनीच्या मोटारी चालकाच्या जागीं कोणीही नसतांना उतारू नेतात. यंत्र दारू पीत नाहीं, पेंगत नाहीं, हा त्याचा गुण आम्ही मान्य करतों. मात्र दोष टाकावयास नोकरही आतां गाडींत राहिला नाहीं. ब्रिटिश पार्लमेंटनें हा प्रश्न ओळखून २०२४ सालीं कायदा केला : गाडी स्वतः चालत असतांना हांकण्यांत जो प्रमाद होईल, त्याबद्दल आंत बसलेल्यास शासन नाहीं, ज्या संस्थेनें त्या गाडीसाठीं अधिकृत मान्यता मिळविली, तिनेंच उत्तर द्यावयाचें. प्रयोजकास कर्ता मानण्याचीच ही रीत झाली.

आपल्याकडे ड्रोनांपुरती व्यवस्था बरी आहे. २०२१ च्या नियमांनीं, कांहीं लहान अपवाद सोडतां, यंत्रास क्रमांक व उडविणारास प्रमाणपत्र आवश्यक केलें. मोटारींसंबंधीं १९८८ च्या कायद्याचें तिसरें कलम चालकापाशीं परवाना पाहिजे म्हणतें. अर्थात् चालक मनुष्य असणार हें त्यानें गृहीतच धरलें आहे. मंत्री श्री. नितीन गडकरी यांनीं २०२३ सालीं नागपूर येथें, चालकांचा रोजगार बुडेल म्हणून असल्या मोटारी देशांत येऊं देणार नाहीं, असें सांगितलें. रोजगाराची काळजी रास्त आहे. परंतु आपोआप ब्रेक लावणाऱ्या व रस्त्यावरील आपला पट्टा संभाळणाऱ्या गाड्या आपल्या बाजारांत आल्यासुद्धां आहेत. जाहिरातींत गाडी सर्व पाहते, सर्व जाणते; सोबतच्या पुस्तिकेंत मात्र जबाबदारी चालकाची. ज्या वाचकांच्या घरीं अशी गाडी घेण्याचा विचार चालू असेल, त्यांनीं पैसे मोजण्यापूर्वीं ती पुस्तिका मागून आणावी, आणि संध्याकाळीं मुलांना जवळ बसवून तींतील एकेका वाक्याचा कर्ता त्यांच्याकडून शोधवून घ्यावा.