सांध्याचे अस्तर कूर्चेवर उलटते तेव्हा

सकाळी बोटे वळत नाहीत, चहाचा कप धरवत नाही. तासाभराने हात हळूहळू मोकळे होतात. घरातील ज्येष्ठांची ही तक्रार आपण ‘वयाचा परिणाम’ म्हणून सोडून देतो. परंतु दोन्ही हातांचे लहान सांधे सुजून हा ताठरपणा आठवडेच्या आठवडे टिकत असेल, तर आमवाताची, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसची, तपासणी करून घ्यावी.

सांध्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते आणि सांध्याच्या वेष्टनाला आतून नाजूक अस्तर असते. निरोगी अस्तरात पेशींचे अवघे १ ते ३ थर असतात. त्यांतील फायब्रोब्लास्ट पेशी सांध्याला वंगण पुरवतात. कूर्चेला रक्तवाहिन्या नसल्याने तिचे पोषणही मुख्यतः सांध्यातील द्रवातूनच होते.

आमवातात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. दाहामुळे अस्तर जाड होऊन पेशींचे दहा किंवा अधिक थर साचतात. मग वंगण पुरवणाऱ्या या पेशीच कूर्चेला चिकटतात आणि तिच्यातील कोलॅजन तोडणारी विकरे सोडतात. १९९६ साली संशोधकांनी रुग्णांच्या अशा पेशी मानवी कूर्चेसह प्रतिकारशक्तीहीन उंदरांत रोपल्या. रुग्णाच्या प्रतिकारपेशी सोबत नसतानाही त्या कूर्चेत घुसल्या! याचा अर्थ, एकदा बिघडलेल्या अस्तरपेशी स्वतःच्या बळावरही नासधूस करू शकतात.

कूर्चेत मज्जातंतूही नसतात. त्यामुळे ती झिजताना स्वतः दुखत नाही. वेदनाशामक गोळीने ठणका शमतो, झीज मात्र थांबत नाही आणि गेलेली कूर्चा पूर्ववत होत नाही. म्हणूनच मेथोट्रेक्सेटसारखी, रोगाची वाटचाल रोखणारी औषधे लवकर सुरू करावी लागतात. त्यांचा गुण दिसण्यास काही आठवडे लागतात. तोवर धीर धरावा आणि बरे वाटू लागले म्हणून ती परस्पर बंद करू नयेत.

शुश्रूषा करणाऱ्यांनी एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. आमवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतल्यास ते जिवावर बेतू शकते. ठरलेला वार दिनदर्शिकेवर खुणेने नोंदवावा आणि सांगितलेल्या रक्ततपासण्या चुकवू नयेत. हात दुखायचा थांबला, तरी सांधा सुरक्षित आहे की नाही, हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे.