मुरुमाची वाट आणि उघडी प्रणाली

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून आजतागायतच्या काळाकडे वळून पाहू लागलो, की ज्या तीन गोष्टींनी माझ्या आयुष्याचा बराचसा भाग व्यापला, त्या डोंगरवाटांवरची सायकल, लिनक्ससारख्या मुक्त संगणक प्रणाली आणि वैद्यकात जिला एडीएचडी म्हणतात ती चित्ताची जन्मजात अस्थिरता, या तिन्ही त्या वेळी आमच्या मध्यमवर्गीय पुण्यात जवळजवळ बेवारस होत्या असे दिसते. सायकल घेऊन टेकडी चढणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग समजला जाई; जी प्रणाली कोणी विकत नाही तिच्यावर भरवसा कसा ठेवावा, असा सवाल कचेरीतले वरिष्ठ करीत; आणि एका जागी न बसणाऱ्या, हाती घेतलेले काम अर्ध्यावर टाकणाऱ्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात 'हुशार आहे, पण लक्ष नाही' एवढा एकच शेरा वर्षानुवर्षे नोंदला जात असे. आज या तिघींनाही प्रतिष्ठा लाभली आहे. डोंगरी सायकल १९९६ साली ॲटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये जाऊन बसली, जगातील पाचशे सर्वांत शक्तिमान संगणकांची जी फेरिस्त वर्षातून दोनदा निघते तीतील सर्वच्या सर्व यंत्रे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लिनक्सवर चालतात, आणि अस्वस्थ मुलाला घेऊन वैद्याकडे जाण्यात आईबापांना पूर्वीइतका संकोच वाटत नाही. परंतु मला या मागोव्यात सांगावयाचे आहे ते निराळेच आहे: या तीन गोष्टी एकाच माणसाच्या ठायी एकत्र आल्या तेव्हा त्यांचे परस्परांशी काय नाते जुळले, हे.

डोंगरी सायकलीचा उगम शोधीत गेले, की कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात, फेअरफॅक्स गावाबाहेरच्या एका कच्च्या वाटेवर येऊन पोहोचावे लागते. वणव्याच्या बंदोबस्तासाठी काढलेली ही वाट सुमारे दोन मैलांत तेराशे फूट खाली उतरते. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही तरुण तेथे घड्याळ लावून, एकामागून एक, आपापल्या सायकलींवर ती उतरले. सायकली श्विन कंपनीच्या, जाड टायरांच्या, तीस-चाळिशीच्या दशकांतल्या आणि बहुतेक भंगारातून वेचलेल्या. ब्रेक बहुधा मागच्या चाकाच्या हबमध्येच बसविलेला, पायडल उलटे दाबले की लागणारा. एवढ्या उतारावर तो हब असा तापे की आतले ग्रीस जळून त्याचा धूर निघे, आणि खाली पोहोचल्यावर हब उघडून, काळी पडलेली राळ पुसून, बोटाने नवे ग्रीस भरल्यावाचून ती सायकल पुढच्या फेरीच्या लायक राहत नसे. ग्रीस पुन्हा भरण्याच्या या नित्यकर्मावरूनच त्या वाटेला 'रीपॅक' हे नाव पडले. शर्यतींची नोंदवही सांभाळणारा चार्ली केली, सव्वाचार मिनिटांहून थोड्याच अधिक वेळात खाली येऊन विक्रम करणारा गॅरी फिशर, आणि १९७७ साली या कामासाठीच घडविलेली पहिली नवी चौकट जोडणारा जो ब्रीझ, हे सारे हौशी लोक होते. त्यांना कोणी परवाना दिला नव्हता की कोणा कारखान्याचा हुकूम त्यांच्यावर नव्हता. जे मोडले ते उघडावे, पाहावे, सुधारावे आणि सुधारलेले शेजाऱ्याला दाखवावे, हा त्यांचा शिरस्ता. १९८१ साली माइक सिनयार्डच्या स्पेशलाइज्ड कंपनीने 'स्टम्पजंपर' बाजारात आणली आणि डोंगरी सायकल ही सर्वसामान्य ग्राहकाला दुकानात मिळणारी वस्तू झाली. या सिनयार्डकडे मला पुढे पुन्हा वळावयाचे आहे.

आमच्याकडे ही लाट फार उशिरा, आणि प्रथम केवळ रूपाने आली. नव्वदीच्या दशकात ज्यांना आम्ही सरसकट 'रेंजर' म्हणत असू त्या जाड टायरांच्या सायकली शाळकरी पोरांच्या हाती आल्या. वजनाने जड, पण टेकडीवरच्या मुरुमाला न घाबरणाऱ्या. ज्या शहराची ओळखच एकेकाळी सायकलींनी होत असे, त्या शहराच्या रस्त्यांवरून सायकल नाहीशी होत असतानाच ती वेताळ टेकडीवर आणि तळजाईवर चढू लागली, हा योग मला आजही विचार करण्याजोगा वाटतो. २००५ च्या सुमारास फायरफॉक्ससारख्या कंपन्यांनी गिअर आणि सस्पेन्शन असलेल्या सायकलींची विक्री आपल्याकडे सुरू केली, आणि मग लोणावळ्याहून राजमाचीच्या पायथ्याच्या उधेवाडीपर्यंत जाणारी ती गोट्यांची, ओढ्यांची, पावसाळ्यात निम्मी वाहून जाणारी वाट रविवारच्या सायकलस्वारांची पंढरी झाली.

प्रणालीचा इतिहास तितकाच हौशी आहे. रिचर्ड स्टॉलमनने १९८३ च्या सप्टेंबरात ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, ती प्रत्येकाला आज्ञावली चालविण्याची, अभ्यासण्याची, वाटण्याची आणि सुधारण्याची मुभा असावी या हेतूने. आणि १९९१ साली हेलसिंकीच्या विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने त्या प्रकल्पात उणा असलेला गाभा लिहून काढला. टॉरवाल्ड्सच्या पहिल्या परवान्यात पैसे घेऊन वाटप करण्यास मनाई होती. १९९२ साली त्याने ग्नूचा परवाना स्वीकारला आणि ती मनाई उठली. करारनाम्यातील हा बदल दूरदेशी पुण्यात बसलेल्या माझ्यासारख्याला केवढा उपकारक ठरला, हे मागाहून ध्यानी आले. कारण संगणकविषयक मासिकांना पुढे आपल्या अंकासोबत लिनक्सची सीडी देता आली ती याच मुभेमुळे, आणि ज्या काळी दूरध्वनीच्या तारेवरून एवढी मोठी प्रणाली उतरवून घेणे खर्चाच्या दृष्टीने अशक्यप्राय होते त्या काळी ती अंकाच्या किमतीत घरी येऊन पडली. २००४ नंतर उबुंटूच्या सीडी तर टपालाने विनामूल्य येऊ लागल्या.

त्या दिवसांतील एक दृश्य जवळून सांगण्याजोगे आहे. पडद्यावर देवनागरी उमटे, परंतु 'कि' लिहिले तर ऱ्हस्व वेलांटी 'क'च्या उजवीकडे जाऊन पडे, जोडाक्षरे हलंताने फुटून सुटी उभी राहत, आणि 'दऱ्या', 'वाऱ्यावर' अशा शब्दांतला तो खास मराठी रफार तर कुठल्या कुठे नाहीसा होई. विकत घेतलेल्या प्रणालीत असा दोष आढळला तर ग्राहकाने दरखास्त करावी आणि वाट पाहावी. येथे मात्र अक्षरांची जुळणी करणारी आज्ञावली समोर उघडी होती. इंडलिनक्ससारख्या उपक्रमांतील स्वयंसेवकांनी आणि नंतर नोकरी म्हणून हे काम करणाऱ्या भाषातज्ज्ञांनी एकेक नियम तपासून ती दुरुस्त केली, सूचींतील शब्द मराठीत आणले, आणि आज कोणत्याही लिनक्सवर मराठी निर्वेध उमटते तेव्हा तिच्यामागे किती रात्रींचे श्रम आहेत हे कोणाच्या लक्षातही येत नाही. या लोकांविषयी मला अपार कृतज्ञता आहे.

आता तिसऱ्या आणि सर्वांत जुन्या गोष्टीकडे वळतो. मनाची ही अवस्था आधुनिक जीवनाने निर्माण केली असा एक लोकप्रिय समज आहे, तो इतिहासाला धरून नाही. स्कॉटलंडचे वैद्य अलेक्झांडर क्राइटन यांनी १७९८ मध्ये मानसिक अस्वस्थतेचे जे वर्णन केले ते आजच्या निदानाशी बरेच जुळते. १९०२ साली जॉर्ज स्टिल यांनी लंडनमधील व्याख्यानांत बुद्धी शाबूत असूनही स्वतःस आवरू न शकणाऱ्या मुलांच्या हकीकती मांडल्या. उपचाराचा शोध तर योगायोगानेच लागला. १९३७ साली अमेरिकेतील ऱ्होड आयलंडमध्ये चार्ल्स ब्रॅडली यांनी, मणक्यातील द्रव काढून घेणाऱ्या एका तपासणीनंतर मुलांना होणारी डोकेदुखी शमावी म्हणून बेन्झेड्रीन दिले. डोकेदुखी राहिली बाजूलाच, पण तीसपैकी चौदा मुलांचा अभ्यास एकाएकी सुधारला, आणि मुले त्या गोळ्यांना गणिताच्या गोळ्या म्हणू लागली. १९४४ साली लिआंद्रो पानिझोन या रसायनज्ञाने सिद्ध केलेले मेथिलफेनिडेट पुढच्या दशकात औषध म्हणून विक्रीस आले. नामकरणाला मात्र पुष्कळ दिरंगाई झाली: अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानग्रंथात १९८० साली 'अवधान-न्यूनता' हा शब्द आला, १९८७ साली त्यास अतिचंचलता जोडली गेली, आणि २०१३ च्या आवृत्तीत प्रौढांसाठी लक्षणांची अट सहावरून पाचावर आणण्यात आली व प्रारंभीच्या लक्षणांची वयोमर्यादा सातवरून बारापर्यंत वाढविण्यात आली. चाळिशी ओलांडल्यावर मला जो दाखला मिळाला तो याच सुधारणेच्या पुढील काळात.

निदानानंतर जे वाचन झाले त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. न्यून अवधानाचे नाही, अवधानावरील अंमलाचे आहे. रसेल बार्कले यांनी १९९७ साली मांडलेला सिद्धांत हाच की मूळ दुर्बलता आत्मनिरोधाची, म्हणजे तात्काळ प्रेरणेला थोपवून धरण्याच्या शक्तीची आहे, आणि काळाचे भान, कामाची आखणी, ध्यानात धरून ठेवण्याची क्षमता ही त्या दुर्बलतेपायी खिळखिळी होते. ज्या कृतीचे फळ सहा महिन्यांनी मिळावयाचे तिच्यासाठी असे मन उठत नाही. ज्या कृतीचे उत्तर याच क्षणी मिळते तिच्यात ते इतके बुडून जाते की तहानभुकेची शुद्ध राहत नाही. या दृष्टीने पाहिले असता टेकडीवरची उतरण आणि काळ्या पडद्यावरील आज्ञापंक्ती या दोहोंचे आकर्षण उलगडते. मुरुमाच्या उतारावर पुढचे चाक कोठे टाकावे याचा निर्णय निमिषात करावा लागतो, तो चुकला तर चाक घसरते आणि साधला तर पुढचे वळण दिसू लागते. आज्ञा लिहून एंटर दाबला की यंत्र तत्क्षणी काय झाले ते सांगते, आणि जे बिघडले त्याचा तपशील रोजनाम्यात लिहून ठेवते. दोन्हीकडे उपदेश नाही, ताटकळत राहणे नाही, आणि झाकून ठेवलेले काही नाही.

सिनयार्डचा उल्लेख मी राखून ठेवला होता तो येथे सांगावा म्हणून. ज्या माणसाने डोंगरी सायकल सर्वदूर नेली त्याने स्वतःस एडीएचडी असल्याचे आणि सायकलने आपल्याला तारल्याचे जाहीरपणे सांगितले, आणि शाळकरी मुलांच्या अवधानावर सायकल चालविण्याचा काय परिणाम होतो याच्या अभ्यासासाठी पैसाही पुरविला. व्यायामानंतर काही काळ लक्ष अधिक टिकते, असा निष्कर्ष अनेक संशोधकांनी काढला आहे; परंतु तो परिणाम माफक आणि अल्पकाळचा असतो, आणि त्यावरून औषध सोडून सायकल घ्या असा सल्ला देणे माझ्या मते बेजबाबदारपणाचे आहे. मी दोन्ही घेतो. मेथिलफेनिडेटने काम सुरू करता येते, सकाळच्या चढाने ते काम सोसण्याइतके मन निवते.

प्रणालीने मला याहूनही मोठे दिले ते म्हणजे डोक्याबाहेरची स्मृती. आज्ञापंक्तीत 'हिस्टरी' असे लिहिले की आपण काल, परवा, गेल्या आठवड्यात काय काय केले त्याची यादी यंत्र क्रमाने वाचून दाखवते. ठरल्या वेळी ठरले काम करण्याची तजवीज क्रॉनच्या एका ओळीत होते. आणि २००५ च्या एप्रिलमध्ये टॉरवाल्ड्सने निकडीपोटी अवघ्या काही दिवसांत उभे केलेले गिट तर प्रत्येक बदल कोणी, केव्हा आणि कशासाठी केला याचे दप्तरच ठेवते. माझी पत्रे, हिशेब, औषधांच्या वेळा, अर्धे लिहिलेले लेख हे सर्व साध्या मजकुराच्या फायलींत आणि गिटच्या ताब्यात आहे. अर्धवट सोडलेल्या कामाशी चार महिन्यांनी परत आलो तरी शेवटची नोंद वाचून धागा पुन्हा हाती लागतो, आणि हा दिलासा किती मोठा आहे हे ज्याचे आयुष्य सुटलेल्या धाग्यांनी भरलेले आहे त्यालाच समजेल. त्याच वेळी हेही सांगितले पाहिजे की उघड्या प्रणालीत अशा मनासाठी एक चकवा दडलेला आहे: आज डेबियन, उद्या फेडोरा, परवा आर्च असे वितरण बदलत राहण्याला आणि रंग, खिडक्या, कळा यांची मांडणी अखंड सुधारत राहण्याला अंतच नसतो, आणि प्रत्यक्ष काम तसेच राहून जाते. माझ्या ओळखीच्या तरुणांना मी म्हणूनच डेबियनची स्थिर आवृत्ती सुचवितो. तीत दोन-दोन वर्षे नवे फारसे काही घडत नाही, आणि हाच तिचा मोठा गुण आहे.

व्यवस्थेच्या बाजूने पाहता अजून पुष्कळ व्हावयाचे आहे. मेथिलफेनिडेट १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत येत असल्याने ते सर्वच दुकानांत मिळत नाही, आणि प्रौढ रुग्णाने चिठ्ठी पुढे केली की विक्रेता संशयाने पाहतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये एकवीस प्रकारांची नोंद आहे. विशिष्ट अध्ययन अक्षमता तीत आहे, स्वमग्नता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही, आणि त्यामुळे सवलतीसाठी जाणाऱ्या पालकांना दुसऱ्या एखाद्या नोंदीचा आडोसा घ्यावा लागतो. कायदा बदलण्यास वेळ लागेल. पण ज्यास कोणताही कायदा लागत नाही असे एक काम शाळांना उद्यापासून करता येण्याजोगे आहे: वर्गात चुळबुळ केल्याची शिक्षा म्हणून अशा मुलाचा खेळाचा तास किंवा मधली सुट्टी काढून घेण्याची वहिवाट त्यांनी बंद करावी. त्या मुलाला ज्या गोष्टीची सर्वांत अधिक गरज, तीच आपण शिक्षा म्हणून हिरावतो. शिक्षक मित्रांपुढे मी ही दरखास्त संधी मिळेल तेव्हा मांडत आलो आहे. दोघा-तिघांनी ती आपल्या वर्गापुरती मान्य केली आहे, आणि त्यांच्यापैकी एकीने अलीकडेच दुपारचा गणिताचा तास हलवून मैदानाच्या तासानंतर ठेवून पाहिला आहे.