‘गाडी पोर्टवर आहे’ म्हणजे नक्की कुठे आहे?

हा भाग लिहून देताना बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवलाय. आकडे मात्र नीट मांडलेत, कारण ऐकताना लाख आणि कोटी पटकन निसटतात.

परदेशातून पूर्ण बांधून येणाऱ्या गाड्यांवर, म्हणजे ज्याला शोरूममध्ये सीबीयू म्हणतात त्यावर, आपल्याकडे पत्रं येत असतात. बहुतेकांचा सूर एकच. बुकिंग केलं, रक्कम भरली, रंग ठरवला, सीटच्या शिलाईचा धागासुद्धा ठरवला. त्यानंतर वर्षभर तीनच उत्तरं: ‘प्रॉडक्शनमध्ये आहे’, ‘जहाजावर आहे’, ‘पोर्टवर आहे’. आणि तिसऱ्या उत्तरावर गाडी जी थांबते ती थांबतेच.

काही जण म्हणतील, कोटीची गाडी घेणाऱ्याचं कसलं दुःख? तसं नाही. एक तर या रांगेत सगळे उद्योगपती नसतात. 2025 मध्ये फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय आली, पहिल्या तुकडीत 150 गाड्या, किंमत साधारण 53 लाख. स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसच्या 100 आल्या, त्या 50 लाखांच्या घरात. अशा गाड्यांसाठी नोकरदार माणसंसुद्धा वर्षानुवर्षं पैसे बाजूला टाकतात. आणि दुसरं, कितीही श्रीमंत असला तरी ज्याचे पैसे अडकलेत त्याला ते कुठे अडकलेत हे कळायला हवं. माझं मत असं की उशिरापेक्षा या न कळण्याचाच संताप जास्त असतो. म्हणून आज गाडीचा प्रवास टप्प्याटप्प्याने बघू.

पहिला टप्पा कारखान्याचा. बुकिंग झालं म्हणजे गाडी बांधायला घेतली असं नसतं. या कंपन्या प्रत्येक देशाला वर्षाचा कोटा देतात, आणि त्या कोट्यात तुमचा नंबर लागला की ‘स्लॉट’ मिळतो. त्यात आपल्याला उजव्या बाजूचं स्टिअरिंग लागतं. भारतात आयात होणाऱ्या नव्या गाडीला ते सक्तीचं आहे, शिवाय हेडलाइटचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला साजेसा हवा आणि स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये हवा. उजव्या स्टिअरिंगच्या गाड्या ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया आणि आपण असे मोजके देश घेतो. त्यामुळे त्या बहुधा डाव्या स्टिअरिंगच्या मागाहून, तुकड्या-तुकड्यांनी बनतात. काही तर बनतच नाहीत. बुगाटी शिरोन फक्त डाव्या स्टिअरिंगची होती, तेव्हा खिसा कितीही जड असला तरी ती इथे रस्त्यावर नोंदवायला आणता येत नव्हती.

‘दुबईत तयार उभी आहे, तीन आठवड्यांत आणून देतो’ असं सांगणारे मध्यस्थ असतात, त्यांच्यासाठीही हाच मुद्दा. दुबईच्या गाड्या डाव्या स्टिअरिंगच्या. आणि तिकडे एकदा नोंदणी झाली की आपल्या आयात नियमांत ती गाडी वापरलेली ठरते. वापरलेल्या गाडीचे नियम वेगळे आहेत: तीन वर्षांपेक्षा जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडेच हवं, आणि आणायची ती मुंबई बंदरातूनच.

‘आपल्याकडे चाचण्यांनाच वर्ष जातं’ हा समज मात्र बराच जुना झालाय. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून प्रत्येक मॉडेलची मान्यता घेण्याचं काम मोठं असतं, हे खरं. पण 2018 च्या सप्टेंबरपासून एक सवलत आहे. युरोप किंवा जपानची मानकं पाळणाऱ्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्या कंपनीला वर्षाला 2,500 पर्यंत इथल्या वेगळ्या चाचण्यांशिवाय आणता येतात. वर सांगितलेली गोल्फ याच वाटेने आली. तेव्हा मोठ्या कंपनीच्या शोरूमने उशिराचं खापर ‘होमोलोगेशन’वर फोडलं, तर नक्की कोणती मान्यता बाकी आहे हे लेखी विचारा.

दुसरा टप्पा समुद्राचा. इथे खरोखर कुणाच्या हातात फारसं काही नसतं. 2022 च्या फेब्रुवारीत ‘फेलिसिटी एस’ हे जहाज अझोर्स बेटांजवळ पेटलं आणि मार्चच्या सुरुवातीला बुडालं. त्यावर फोक्सवॅगन समूहाच्या जवळपास 4,000 गाड्या होत्या, पोर्शे, बेंटली, लॅम्बोर्गिनी धरून. त्याच सुमारास युक्रेन युद्धामुळे तिथून येणारे वायरिंगचे जुडगे थांबले आणि जर्मनीतल्या कारखान्यांना काम बंद ठेवावं लागलं. मग 19 नोव्हेंबर 2023 ला हुथींनी तांबड्या समुद्रात ‘गॅलक्सी लीडर’ ताब्यात घेतलं. ते गाड्या वाहणारं जहाज होतं आणि गुजरातच्या पिपावावकडे निघालेलं होतं. त्यानंतर बऱ्याच जहाजांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घातला, त्यात दहा ते चौदा दिवस वाढले. पण लक्षात घ्या, दहा-चौदा दिवस. चार महिने नव्हेत.

आता तिसरा टप्पा, बंदराचा. सगळी गोम इथे आहे, म्हणून जरा थांबून बघू.

समजा गाडीची किंमत, विमा आणि जहाजभाडं धरून, बंदरात पोचेपर्यंत 1 कोटी रुपये आहे. 40,000 डॉलरच्या वरच्या गाडीला 2025 च्या अर्थसंकल्पापासून 70 टक्के मूळ सीमाशुल्क आणि 40 टक्के कृषी पायाभूत अधिभार लागतो. म्हणजे 1 कोटी 10 लाख. आता गाडी 2 कोटी 10 लाखांची झाली. त्या एकूण रकमेवर 22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या पेट्रोल-डिझेल गाड्यांना 40 टक्के जीएसटी, म्हणजे 84 लाख. बेरीज 2 कोटी 94 लाख. यात विक्रेत्याचा नफा नाही, रस्ता कर नाही, विमा नाही.

याचा अर्थ काय? 1 कोटीची एक गाडी बंदराच्या फाटकाबाहेर काढायला आयातदाराला 1 कोटी 94 लाख सरकारजमा करावे लागतात. अशा दहा गाड्या एकाच जहाजातून आल्या तर जवळजवळ साडेएकोणीस कोटी. छोट्या ब्रँडचे इथले आयातदार म्हणजे पुष्कळदा तो डीलरच असतो. तो काही बँक नाही.

म्हणून कायद्यातच एक सोय आहे: बॉन्डेड गोदाम. शुल्क न भरता गाडी सीमाशुल्क विभागाच्या देखरेखीखालच्या गोदामात ठेवायची आणि गिऱ्हाइकाचे पैसे आले की शुल्क भरून सोडवायची. सोय चांगली आहे, बेकायदा काही नाही. पण बाहेरून ती कशी दिसते बघा. तुम्हाला सांगितलं जातं, ‘कस्टममध्ये अडकलीय’. तुम्ही मनात एखादा खडूस अधिकारी रंगवता, टेबलावर फाइल, वर पेपरवेट. प्रत्यक्षात पुष्कळदा कुठलाही अधिकारी काही अडवत नसतो. शुल्क भरलेलं नसतं, इतकंच. डीलर तुमच्या उरलेल्या रकमेची वाट बघतो, तुम्ही गाडीची वाट बघता, आणि गाडी उरण-पनवेलकडच्या कुठल्यातरी शेडमध्ये धूळ खाते. (शुल्क नक्की कुणी भरायचं हा घोळ आपल्याकडे सगळ्यात मोठ्या माणसाच्या गाडीवरूनही झालाय. सचिन तेंडुलकरला 2002 मध्ये भेट मिळालेल्या फेरारीचं शुल्क 1 कोटी 13 लाख होतं. ते माफ करण्यावरून वाद झाला, प्रकरण कोर्टात गेलं आणि शेवटी रक्कम फियाटने भरली.)

गोदामही फुकट नाही. 90 दिवसांनंतर शुल्काच्या रकमेवर वर्षाला 15 टक्के दराने व्याज लागतं. आपल्या उदाहरणात महिन्याला साधारण 2 लाख 40 हजार. गोदामभाडं वेगळं. हा खर्च कुणी सोसायचा? बुकिंगच्या कागदावर मागच्या बाजूला बारीक अक्षरात ‘डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू’ असं असेल, तर तो फिरून तुमच्याच अंगावर येण्याचा संभव आहे.

अजून एक बारकावा, शोरूममध्ये क्वचितच कुणी सांगतं. गोदामात ठेवलेल्या गाडीचं रुपयांतलं मूल्य पहिल्या बिल ऑफ एन्ट्रीच्या दिवशीच्या विनिमय दराने ठरतं. शुल्काचा दर मात्र गाडी गोदामातून सोडवण्यासाठी दुसरं बिल दाखल होतं त्या दिवसाचा. म्हणजे गाडी गोदामात गेल्यानंतर ‘पौंड वाढला म्हणून शुल्क वाढलं’ हे कारण टिकत नाही. पौंड वाढायचा तो त्याआधी. आणि तो वाढला तर फटका मोठा असतो: रुपया 5 टक्क्यांनी पडला तर आपल्या 2 कोटी 94 लाखांत 14 लाख 70 हजारांची भर पडते, कारण कर त्या वाढीव रकमेवर बसतो.

उशीर कधीकधी गिऱ्हाइकाच्या पथ्यावरही पडतो, हेही सांगायला हवं. 15 ऑगस्ट 2025 ला जीएसटी कमी होण्याची घोषणा झाली. तोवर मोठ्या एसयूव्हीवर 28 टक्के जीएसटी आणि 22 टक्के उपकर मिळून 50 टक्के लागत. त्या पाच-सहा आठवड्यांत गाडी गोदामातच राहिली तर गिऱ्हाइकाचाच फायदा होता. जुलै 2025 मध्ये ब्रिटनशी व्यापार करार झाला, त्यात तिथल्या गाड्यांवरचं शुल्क ठरलेल्या कोट्यापुरतं टप्प्याटप्प्याने 10 टक्क्यांपर्यंत आणायचं ठरलंय. अशा वेळी थांबायचं की सोडवायची, हा निर्णय खरं तर तुमचा. तो तुमच्या वतीने दुसऱ्याने, तुम्हाला न सांगता घ्यावा, हे मला पटत नाही.

गोदामात उभ्या गाडीचं काय होतं, तेही बघा. बॅटरी उतरते, टायर एका जागी दबून चपटे पडतात, पावसाळ्यात खाडीकाठच्या दमट हवेत ब्रेकच्या डिस्कवर गंज चढतो. बहुतेक गोष्टी दुरुस्त होतात. एक होत नाही: आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलं जातं. डिसेंबरमध्ये बनलेली गाडी पुढच्या जुलैत हातात आली तरी विकताना ती आदल्या वर्षाचीच. एवढ्या किमतीच्या गाडीत त्या एका आकड्याने लाखोंचा फरक पडू शकतो.

चौथा टप्पा आरटीओचा, तो त्या मानाने छोटा. कंपनीमार्फत आलेल्या मॉडेलची नोंद ‘वाहन’ प्रणालीत आधीच असते. कुणी एकेकटी गाडी आणली असेल तर बिल ऑफ एन्ट्रीवरून तपशील भरून मंजुरी घ्यावी लागते, तिथे दिवस जातात. महाराष्ट्रात आयात गाडीला रस्ता कर 20 टक्के आहे, पण त्याला कमाल मर्यादा आहे. ती जुलै 2025 पासून 20 लाखांवरून 30 लाख झाली. तेव्हा ज्यांची गाडी जूनमध्ये येता येता जुलैत आली, त्यांना तो उशीर 10 लाखांपर्यंत महाग पडला असणार.

आता करायचं काय? फोनवर ‘कधी येणार’ हे विचारणं सोडा, त्याला ‘लवकरच’ हे एकच उत्तर आहे. कागद मागा. गाडी बनली असेल तर व्हीआयएन म्हणजे चासी नंबर असतो, तो मागा. जहाजावर चढली असेल तर बिल ऑफ लेडिंग असतं, त्यावर जहाजाचं नाव असतं आणि जहाज कुठे आहे हे घरबसल्या मोबाइलवर दिसतं. बंदरात उतरली असेल तर बिल ऑफ एन्ट्रीचा नंबर आणि तारीख असते. मग एकच प्रश्न विचारा: हे बिल गोदामात ठेवण्याचं आहे की थेट सोडवण्याचं? व्यापारी किमती झाकून प्रत दिली तरी चालेल, नंबर आणि तारीख पुरे. जो विक्रेता यातला एकही कागद दाखवत नाही, त्याच्याकडे बहुधा अजून स्लॉटच नसतो. उरलेली रक्कम भरायची झाली तर ती याच कागदाला बांधून भरा: बिल ऑफ एन्ट्री दाखवा, इतके पैसे घ्या, इतक्या दिवसांत गाडी बाहेर.

बुकिंग करतानाच डिलिव्हरीची तारीख लेखी घ्या, उशीर झाल्यास रक्कम व्याजासह परत मिळेल अशी ओळ घाला, आणि किमतीतले बदल कोणत्या कारणाने होऊ शकतात तेही लिहून घ्या. तारीख नसेल तर कायदा ‘वाजवी मुदत’ बघतो, आणि वाजवी म्हणजे किती यावर वकील आरामात दोन वर्षं काढतात.

ग्राहक आयोगात जायची वेळ आली तर गाडीची किंमत बघू नका, तुम्ही प्रत्यक्ष किती रक्कम दिलीत ते बघा. 50 लाखांपर्यंत जिल्हा आयोग, 2 कोटींपर्यंत राज्य आयोग, त्यावर राष्ट्रीय. 3 कोटींच्या गाडीसाठी 15 लाख बुकिंग भरलं असेल तर तक्रार जिल्हा आयोगातच जाते, आणि 2019 च्या कायद्यानुसार ती तुमच्या राहत्या जिल्ह्यात करता येते. डीलर मुंबईचा आणि तुम्ही सांगलीचे असाल तरी सांगलीतच. मुदत, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. गाडी कंपनीच्या नावावर घेतली असेल तर समोरचा वकील ‘हा व्यापारी हेतू आहे’ असं म्हणणारच. पण संचालकाच्या स्वतःच्या वापरासाठी कंपनीने घेतलेली गाडी व्यापारी हेतूची ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये एका आलिशान गाडीच्या प्रकरणात म्हटलंय. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून बघा. खर्च काहीच नाही, आणि लेखी उत्तर द्यायची वेळ आली की शोरूमला तुमचा बिल ऑफ एन्ट्रीचा नंबर बऱ्याचदा सापडतो.